दहा ते सहा

मुदियागांनी दिलेला शब्द आयुष्यात कधी मोडला नाही, हे उफोरी गावात सगळ्यांना मान्य होतं. त्यांनी शब्द असा आयुष्यात एकदाच दिला होता, हे मात्र फक्त त्यांच्या बायकोला, ओमोटेजोला, ठाऊक होतं. कारण तो देताना समोर ती आणि एक बोकड एवढेच श्रोते होते.

शब्द असा होता की या घरात जनरेटर चालणार नाही.

ज्या माणसाने तेहतीस वर्षं विजेच्या खात्यात आधी खांबावर चढून आणि मग खांबावर चढणाऱ्यांवर ओरडून पोट भरलं, त्याच्या अंगणात ते धूर ओकणारं डबडं धडधडणं शोभलं नसतं. निवृत्तीच्या दिवशी खात्याने त्यांना भिंतीवरचं विजेचं घड्याळ दिलं होतं. लाइट असेल तेवढाच वेळ ते चाले, त्यामुळे या घरात लोक फार सावकाश म्हातारे होत. त्याच्या शेजारच्या कपाटात वडिलांच्या वेळची पितळी बॅटरी होती. तेलकंपनीचे लोक पहिल्यांदा गावात आले, तेव्हा जमिनीच्या कागदावर अंगठा घेऊन त्यांनी ती म्हाताऱ्याच्या हातात ठेवली होती आणि सांगितलं होतं की गावात वीज येईपर्यंत ही वापरा. तिचे सेल महिन्याभरात संपले. ते झालं, त्याला आता साठ वर्षं होत आली होती.

आणि दाराच्या डोक्यावर लाल दिवा होता. तो मुदियागांनी स्वतः लावला होता, थेट खांबावरून आलेल्या तारेवर, घराच्या मुख्य खटक्याच्याही अलीकडे. घरातली सगळी बटणं बंद असली तरी लाइन आली की हा पेटे. गेल्या अकरा दिवसांत तो दोनदा पेटला होता. एकदा तर सगळे चर्चमध्ये असताना.

आज शनिवार. धाकट्या लेकीला, टेगाला, मागणी घालून लग्न उरकायला सापेलेहून केव्वे या नवऱ्या मुलाकडची मंडळी बाराला येणार होती. सकाळचे सव्वादहा वाजले होते आणि मुदियागा दिव्याखाली खुर्ची टाकून बसले होते.

"अहो, मान दुखेल," ओमोटेजो आतून म्हणाली.

"दहाचा शब्द आहे. पंधरा मिनिटं इकडे-तिकडे होतातच."

शब्द ओनोरिओदेचा होता. मुदियागांच्या हाताखाली शिडी धरणारा ओनोरिओदे आता सबस्टेशनवर साहेब झाला होता. "शनिवारी दहा ते सहा," तो म्हणाला होता, "माझ्या हाताने खटका टाकतो, साहेब. दहाला देतो, सहाला घेतो. सहानंतर मात्र खालच्या गावांची पाळी, तिथे माझं काही चालत नाही."

"डीप फ्रीजमध्ये चाळीस मासे आहेत," ओमोटेजो बाहेर येत म्हणाली. "बर्फाच्या लाद्यांवर ठेवलेत, त्या लाद्या आता पाणी झाल्यात. बिअर मी बादलीत ठेवली आहे. बादलीतलं पाणी बिअरने गरम झालंय. आणि तुमची लेक दाराला कडी लावून बसली आहे."

"सजत असेल."

"सजून झाली. म्हणते, लाल दिवा लागला तरच बाहेर येईन. नाही तर केव्वेला म्हणावं दिव्याशीच लग्न लाव."

मुदियागांनी पुन्हा दिव्याकडे मान वर केली. थोरल्या एजिरोच्या लग्नात काय झालं ते त्यांनाही आठवत होतं, गावालाही आठवत होतं, आणि सर्वांत जास्त आठवत होतं जावई ब्रुमेला. त्या दिवशी लाइट आलीच नव्हती. माइक मुका, पंखे मुके. मुलाकडच्यांच्या वतीने बोलणी करणारा बोलका माणूस भाषणाच्या मधोमध घेरी येऊन खुर्चीसकट मागे गेला होता. ब्रुमेने स्वतःच्या लग्नात सुपाइतकी गरम बिअर प्यायली होती. सहा वर्षं झाली, तरी सासुरवाडीला आला की तो कुठलीही बाटली तोंडाला लावण्याआधी गालाला लावून बघे.

साडेअकराला अक्पोफुरे आला. मुदियागांचा धाकटा भाऊ. वॉरीच्या बाजारात त्याचं जनरेटरचं दुकान होतं, आणि खात्याचा कारभार जितका बिघडे तितकं त्याचं घर वर चढे. सध्या तिसरा मजला चालू होता.

"दादा, मिग्वो," तो वाकून म्हणाला.

"व्रेन्दो. ऊठ."

अक्पोफुरे उठला आणि त्याने भावाकडे न बघता आधी दिव्याकडे बघितलं. "काय म्हणतोय?"

"येईल."

"नक्कीच येईल. मी कुठे नाही म्हणतो? माझ्या दुकानात येणारा प्रत्येक माणूस आधी हेच म्हणत असतो. मग एक दिवस दुकानात येतो."

तीन वर्षांपूर्वी भावाच्या वाढदिवसाला त्याने भेट म्हणून एक भला मोठा खटका आणून भिंतीवर बसवून दिला होता. वर केला की लाइन, खाली केला की जनरेटर. घरात जनरेटर नसल्यामुळे त्याचा दांडा कायम वर असे आणि ओमोटेजो त्यावर भांडी पुसायचं फडकं वाळत घाली.

मुदियागांनी फोन काढला. दोन दिवस चार्ज न झालेल्या त्या फोनमध्ये एकच काडी उरली होती. त्यांनी ओनोरिओदेला लावला, आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. ही चूक झाली.

"साहेब, देतो, देतो. अर्धा तास. वीजघरातच गडबड आहे. गॅस कमी पडतोय."

"काय कमी पडतोय?"

"गॅस, साहेब. गॅसचा दाब नाही, म्हणून यंत्रं..."

इथे फोन मेला.

अंगणातल्या सगळ्यांनी माना वळवल्या. केळीच्या पलीकडे, अर्ध्या मैलावर, तेलकंपनीची ज्योत भर दुपारच्या उन्हात आकाशाला भिडली होती. ती अशी रात्रंदिवस जळे. तेलाबरोबर वर येणारा गॅस कंपनीला नको होता, म्हणून ती तो जाळून टाकी. गावातल्या कोंबड्यांना उजाडलं केव्हा आणि मावळलं केव्हा हे कळेनासं झाल्याला दोन पिढ्या उलटल्या होत्या.

तेवढ्यात त्याच बाजूने एसे आत्या आली. मुदियागांची बहीण. डोक्यावर टोपली, तोंड घामाने डबडबलेलं. गावातल्या बायका कसाव्याच्या कंदांचे तुकडे ज्योतीच्या धगीला पसरून वाळवत, आणि एसेची तिथे सगळ्यांत जवळची, मानाची जागा होती.

"सगळे माझ्याकडे काय बघताय?" ती म्हणाली.

"वीजघरात गॅस कमी आहे म्हणे," ओमोटेजो म्हणाली.

एसेने टोपली खाली ठेवली. त्यातला एक काळा तुकडा उचलून भावाच्या हातावर ठेवला. "हा बघ. पाठ फिरवली तेवढ्यात करपला. कमी असता तर चांगलं झालं असतं."

बाराला पाहुणे आले. सापेलेचे लोक वेळेवर येतात हे उफोरीला माहीत नव्हतं, त्यामुळे निम्मे यजमान अजून अंगावर साबण लावत होते. पंचवीस माणसं दोन गाड्यांतून उतरली. गुडघे टेकले, उठली, मांडवात बसली आणि आपापल्या टोप्यांनी वारा घ्यायला लागली. मुलाकडचा बोलका माणूस, ओग्बे नावाचा, फुटबॉलच्या गोलात मावणार नाही इतका रुंद होता. त्याने खुर्चीची पाठ दोनदा हलवून पाहिली. एजिरोच्या लग्नाची हकिगत सापेलेपर्यंत पोचली होती.

ब्रुमेने पुढे होऊन त्याला बिअर दिली. देण्याआधी बाटली स्वतःच्या गालाला लावली, डोळे मिटले, आणि ती परत बादलीत ठेवून पाण्याचा पेला दिला.

सव्वाबाराला मुदियागा टेगाच्या दारापाशी गेले. "टेगा."

"लागला का?"

"लागेल."

"मग लागल्यावर येते."

"अगं, पाहुणे बसलेत. सापेलेहून आलेत."

"मी लागोसहून आलेय, बाबा."  मग आवाज दाराच्या अगदी जवळून आला. "एजिरोताईला तुम्ही विचारलं होतं का? तुमचा शब्द तिने पाळला. भर मांडवात घामाने तिचं काजळ हनुवटीपर्यंत आलं होतं. फोटोत ती रडतेय असं वाटतं. ताई सगळ्यांना सांगते की आईला सोडून जाताना भरून आलं म्हणून. तिला भरून वगैरे काही आलं नव्हतं. तिला गरम होत होतं."

मुदियागा दाराकडे बघत राहिले. त्या फोटोला चौकट त्यांनीच करून आणली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते तो दाखवत आणि म्हणत, बघा, किती माया.

"मला शब्द मोडायला लावायचा नाहीये तुम्हाला," टेगा म्हणाली. "मला फक्त हसत फोटो काढायचाय."

ते स्वयंपाकघरात आले. ओमोटेजो पामच्या सुपात चमचा फिरवत होती. फिरवण्याची गरज नव्हती, सूप केव्हाच झालं होतं.

"अक्पोफुरेला सांग," मुदियागा म्हणाले. "गाडी काढू दे. वॉरीला जाऊन एक..." पुढचा शब्द त्यांच्या तोंडातून निघेना. "एक ते घेऊन येऊ दे. यायला दीड तास तरी लागेल. तोवर पाहुण्यांना काही तरी खायला..."

"जायला नको," ओमोटेजो म्हणाली.

"म्हणजे?"

ती चमचा फिरवत राहिली. "मागे बघा. केळीच्या पानांखाली."

मागच्या बाजूला, काल कापलेल्या केळीच्या पानांचा मोठा ढीग होता. एवढी पानं कशाला, असं मुदियागांना सकाळी वाटलं होतं. त्यांनी दोन पानं उचलली. खाली कोरा करकरीत पिवळा जनरेटर होता, आणि त्याच्याजवळ अक्पोफुरे पेट्रोलच्या डब्याचं झाकण आधीच उघडून उभा होता.

"दादा, मी आणला नव्हता," तो म्हणाला. "वहिनींनी मागवला. मी फक्त आणून ठेवला."

"भावोजी, मी एवढंच म्हणाले होते की असलेला बरा."

"तेच तर."

मुदियागा काही बोलणार, इतक्यात ब्रुमे आला. त्याने एकदा पिवळ्या जनरेटरकडे पाहिलं आणि चेहरा पाडला. "काका, हा कशाला? माझा आहे ना गाडीत. ताडपत्रीखाली. सहा वर्षं या दिवसाची वाट बघतोय मी."

"जावईबापू, तुमचा किती ताकदीचा?"

"लग्नापुरता आहे."

"माझा अख्ख्या गल्लीपुरता आहे. आणि पेट्रोलसाठी दोन दिवस मी रांगेत उभा होतो. तेलाच्या विहिरीवर बसलेल्या गावात, दोन दिवस."

"मी तीन दिवस होतो."

"भांडू नका," एसे आत्या मागून म्हणाली. ती कसाव्याची रिकामी पोती बाजूला सारत होती. पोत्यांखालून तिने हातात उचलता येईल एवढा, शेजाऱ्यांना चिडवण्याइतपत आवाज करणारा लहानसा जनरेटर ओढून काढला. "डीप फ्रीज माझ्यावर. माशांचा जीव लहान असतो."

मुदियागांनी बहिणीकडे पाहिलं. भावाच्या आणि बायकोच्या बाबतीत त्यांना थोडीफार कल्पना होती. एसेबद्दल नव्हती. गेली बारा वर्षं ती दर रविवारी जेवायला येई आणि पहिला घास घेण्याआधी म्हणे, माझा दादा म्हणजे शब्दाचा पक्का.

"तू पण?"

"मी तर चार वर्षांपूर्वी घेतलाय," एसे म्हणाली. "तू घरी आलास की झाकून ठेवते."

मग दहा मिनिटं कुणाचा जनरेटर मुलीच्या लग्नाला लागावा यावर बोलणी झाली. मुलाकडच्यांशी व्हायची बोलणी अजून सुरूही झाली नव्हती, पण ही त्यांच्याहून चिवट निघाली. ओमोटेजो आधी दिराच्या बाजूची होती. जावयाचा चेहरा बघून जावयाच्या बाजूची झाली. एसेने माशांचं नाव काढताच तिच्या. शेवटी ठरलं की तिन्ही चालू करायचे. पिवळा घराला, ब्रुमेचा मांडवाला आणि माइकला, एसेचा माशांना.

"खटका मात्र दादाने टाकायचा," अक्पोफुरे म्हणाला. मान द्यावा तसं म्हणाला, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

मुदियागांनी दांड्यावरचं फडकं काढलं, घडी करून बाजूला ठेवलं आणि दांडा खाली ओढला. दोन्ही हातांनी ओढावा लागला. मागे दोरी खेचल्याचा आवाज आला, खोकल्याचा आला, आणि मग अंगणाच्या तीन कोपऱ्यांत तीन जनरेटर एकदम बोलायला लागले. पंखे फिरले. भिंतीवरचं घड्याळ परवाच्या पावणेपाचपासून पुढे चालू लागलं. मांडवात टाळ्या पडल्या. कर्ण्यातून इतकं मोठं गाणं सुटलं की बोकड दोर तोडून ज्योतीच्या दिशेने पळाला.

दार उघडलं. टेगा बाहेर आली, पोवळ्यांच्या माळा घालून, आणि जाता जाता बापाच्या कानाशी काहीतरी बोलली. आवाजात ते काही ऐकू आलं नाही. त्यांनी मान हलवली.

व्हरांडा रिकामा झाला तेव्हा मुदियागा खुर्चीवर चढले. विझलेला लाल दिवा आता वरून नुसता बघत असल्यासारखा वाटत होता. त्यांनी तो फिरवून काढला, पुसला, रुमालात गुंडाळला आणि खिशात घातला. बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

पुढचा कार्यक्रम गावाच्या आठवणीतला सर्वांत छोटा ठरला. एरवी दोन्हीकडचे बोलके लोक अडीच-तीन तास घोळ घालतात. आमच्या बागेत तुम्ही एक फूल पाहिलं म्हणे, कोणतं फूल, आमच्याकडे तर फुलंच नाहीत, असं सुरू होतं आणि रताळी किती, दारूच्या पेट्या किती यावर रुसवेफुगवे होतात. आज ओग्बे माइकमध्ये जे बोलत होता ते फक्त माइकला कळत होतं. मुलीकडून बोलायला उभा राहिलेला अक्पोफुरे हातांनी खुणा करत होता. ओग्बेने चार बोटं दाखवली, अक्पोफुरेने दोन्ही पंजे दाखवले, ओग्बेने कानावर हात ठेवला आणि थकून मान डोलावली. वीस मिनिटांत मुलगी दिली गेली. फोटोत टेगा हसत होती. ओग्बेही हसत होता, हातातली बाटली गालाला लावून.

मुदियागा पहिल्या रांगेत बसले होते. समोरून येणारा प्रत्येक जण गुडघा टेकून काहीतरी म्हणे, ते काहीतरी उत्तर देत. शेजारी अक्पोफुरे येऊन बसला आणि त्यांच्या कानात ओरडला, "दादा, गारवा कसा आहे?"

"आहे," मुदियागा ओरडले.

"तुला एक ठेवून जाऊ का कायमचा? निळ्या रंगात पण येतो."

मुदियागांनी खिशातला रुमाल चाचपला. फुटला नव्हता. पंख्याचा वारा मात्र खरोखर बरा वाटत होता, आणि याचाच त्यांना जास्त राग येत होता.

पावणेसहाला एसेचा जनरेटर पेट्रोल संपून बंद पडला. पाच मिनिटांनी ब्रुमेचा. शेवटी पिवळ्याने दोन आचके दिले आणि तोही थांबला. अंगणात इतकी शांतता पसरली की लोक एकमेकांशी ओरडून बोलत होते ते त्यांच्या लक्षात आलं, आणि ते एकदम कुजबुजायला लागले. सापेलेची मंडळी निघायच्या तयारीत उठली.

तेवढ्यात कुंपणाच्या फटीतून शेजारची फेलिशाबाई आली. विधवा, शिवणकाम करणारी, जनरेटर न परवडणारी. तिच्या दोन्ही हातांत मोठं पातेलं होतं.

"थांबा, थांबा," ती पाहुण्यांना म्हणाली. "वाटेत प्यायला गार पाणी घेऊन जा. बर्फ आणलाय."

ओमोटेजोने पातेल्यात डोकावून पाहिलं. बर्फ होता. विटेएवढ्या तीन लाद्या. "फेलिशा, हा कुठून आणलास?"

"आणलास काय? घरी केलाय. दुपारपासून लाइट आहे ना. पाऊणला आली. बर्फ केला, सहा शर्ट शिवले, नातवाचा गणवेश इस्त्री केला." तिने अंगणातल्या तीन यंत्रांकडे आळीपाळीने पाहिलं. "मी तेच म्हणत होते, लाइट असताना हे तिन्ही कशाला चाललेत? मग वाटलं, लग्नघर आहे, हौस असेल."

 सगळ्यांनी हळूहळू दाराच्या डोक्यावर पाहिलं. तिथे रिकामी जागा होती.

"पाऊणला," मुदियागा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद ओमोटेजोने निवृत्तीच्या समारंभानंतर पहिल्यांदाच पाहिला. "दिली त्याने. थोडा उशीर झाला, पण दिली. ऐकलंस, अक्पोफुरे?"

"दादा, बर्फ काय, बाजारातही मिळतो."

"माझ्या बर्फाला खोटं म्हणतोस?" फेलिशाबाई म्हणाली.

"मी कुठे म्हणतो? दिवा कुठाय, दादा? तुझा दिवा तर लाइन आली की पेटतो ना?"

मुदियागांनी खिशातून रुमाल काढला. तो तळहातावर उलगडला. रुमालातला दिवा पाहून ओमोटेजोला सगळं कळलं. तिने खुर्ची ओढून दाराखाली ठेवली आणि दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. एकेकाळी ओनोरिओदे शिडी धरायचा, तशी.

"आता सगळ्यांनी बघा," मुदियागा वर चढत म्हणाले. "टेगा, तू पण बघ. ओग्बेसाहेब, तुम्हीही."

पंचवीस सापेलेकर, सगळं उफोरी आणि तीन थंड पडलेले जनरेटर दिव्याकडे बघत राहिले. मुदियागांनी तो भोकात बसवला, एक वेढा दिला, दुसरा दिला, घट्ट केला आणि हात बाजूला घेतला.

ब्रुमेने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. सहा वाजून चार मिनिटं झाली होती.